साहेब, एकटेच?

बोईसरच्या कुठल्याही परमिट रूमच्या दारात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न येतो, "किती जण?" विचारणारा तुमच्याकडे बघत नसतो, तुमच्या पाठीमागे बघत असतो. मागून अजून कुणीतरी येतंय, बाइक लावतंय, रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून हुज्जत घालतंय, अशी त्याची खात्री असते. मागे कुणीही नाही हे कळलं की तो नजर तुमच्यावर आणतो आणि आवाज खाली घेतो. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये 'डॉक्टर काय म्हणाले?' असं ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात तो विचारतो, "साहेब, एकटेच?"

वास्तविक एकटा माणूस बोईसरला नवा नाही. हे गावच एकट्यांचं आहे. औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची आणि गर्दीने बोईसरची. रंग, रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे हजारभर कारखाने, आणि पलीकडे 1969 पासून चाललेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. त्यामुळे जळगाव, सांगली, गोरखपूर, बालेश्वर अशा कुठकुठल्या गावांची माणसं बायकापोरांना मागे ठेवून इथे राहतात. एका खोलीत चौघं, पण पाळ्या वेगळ्या. एक उठतो तेव्हा दुसरा झोपायला येतो आणि तिसरा डबल ड्युटीवर असतो. चौघं एकमेकांना धड भेटतात ते दिवाळीच्या सुट्टीत, गावाकडची गाडी पकडताना. अशा गावात एकट्याने जेवणं ही सार्वजनिक रीत असायला हवी होती. टपरीवर ती आहे. खाणावळीत आहे, तिथे तर बोलत बसलात तर मावशी रागावतात. फक्त परमिट रूममध्ये टेबलाला चार खुर्च्या असतात आणि चारही भरल्या नाहीत तर मालकाच्या पोटात दुखतं.

मी पालघरला राहतो आणि पंप-व्हॉल्व्हच्या धंद्यानिमित्त बोईसरच्या कारखान्यांत हिंडतो. संध्याकाळी एखाद्या परचेस ऑफिसरने 'उद्या या' म्हणून दोन तास बसवून ठेवलं की विरारकडची लोकल डोळ्यांदेखत जाते आणि पुढच्या गाडीची वाट बघणं आलं. अशा वेळी मला एक बियर, एक प्लेट बोंबील फ्राय आणि सकाळी वाचायचा राहिलेला पेपर, एवढंच हवं असतं. सोबत नको असते. हे वाक्य मी एकदा मोठ्याने बोललो तर तिथल्या वेटरने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कारण एकटा पिणारा माणूस दुःखीच असला पाहिजे, असं आपल्याकडे ठरलेलं आहे. हा सिनेमाचा दोष. चौघं बसले तर ती पार्टी, दोघं बसले तर धंद्याची बोलणी, आणि एकटा बसला तर प्रेमभंग, कर्ज किंवा भाऊबंदकी. माझ्या वयाला प्रेमभंग शोभत नाही म्हणून मला बहुधा कर्जात धरतात. आणि कर्जबाजारी माणसाची ऑर्डर घ्यायला कुणी धावत येत नाही.

यात गंमत अशी की कायदा पूर्णपणे माझ्या बाजूने आहे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजूनही लागू आहे, आणि त्याच्याखाली प्यायची तर परवाना काढावा लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, तहहयात हजाराला, असे भाव बरीच वर्षं चालत आले. परमिट रूममधलं परमिट ते हेच. पंचवीस वर्षं पूर्ण हवीत, बियरला एकवीस चालतात. आणि परवान्यामागचं कारण काय, तर आरोग्याची जपणूक. आता हा परवाना ज्याच्या त्याच्या नावावर असतो. 'अमुक अमुक आणि मित्रपरिवार' असा परवाना शासनाने काढलेला नाही. म्हणजे सरकारच्या लेखी मद्यपान ही एकट्याने, प्रकृतीच्या कारणास्तव, गुपचूप उरकायची गोष्ट आहे. मी अक्षरशः तेच करत असतो. शेजारच्या टेबलावर सात जण दुसऱ्यांच्या खुर्च्या ओढून, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत बसलेले असतात, ते कायद्याच्या मूळ भावनेपासून फार लांब गेलेले असतात. तरी बर्फ त्यांना आधी.

बायकांचं तर याहून अवघड. आमच्या ओळखीची एक केमिस्ट मुलगी, वसाहतीतल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला, कोलाड की कुठली. एकदा नुसतं जेवायला म्हणून ती अशाच एका ठिकाणी गेली. खाली पुरुषांची गर्दी, म्हणून तिला वर 'फॅमिली रूम'कडे पाठवलं. वरच्या वेटरने दारातच विचारलं, "फॅमिली किधर है?" तिने सांगितलं, मीच. तो खाली विचारायला गेला. एक माणूस म्हणजे फॅमिली होते का, या प्रश्नावर खाली बराच खल झाला असावा, कारण निकाल येईपर्यंत ती पार्सल घेऊन निघून गेली होती.

तर एकट्याला बसवायचं कुठे, हा प्रत्येक परमिट रूमचा जुना प्रश्न आहे आणि उत्तरही ठरलेलं आहे. प्रत्येक हॉलमध्ये एक टेबल असं असतं की आर्किटेक्टने ते काढलेलंच नसतं, नंतर उरलेल्या जागेत ते उगवलेलं असतं. एका बाजूला स्वयंपाकघराचं झुलतं दार, दुसऱ्या बाजूला वॉश बेसिन, वर एसीचा गळका पाइप. पाइपाखाली कुणीतरी आइस्क्रीमचा रिकामा डबा बांधलेला असतो आणि तो भरत आलेला असतो. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेलं सिगारेटचं पाकीट. बाकी हॉलला टीव्ही दिसतो, इथून फक्त टीव्हीची मागची वायर दिसते. हात धुवायला येणारा प्रत्येक माणूस चूळ भरून झाल्यावर आरशातून तुमच्याकडे बघतो आणि हात झटकतो. चौथा माणूस हात झटकून गेला की पेपरातला अग्रलेख ओला झालेला असतो.

या टेबलावरून वेटरला हाक मारणं ही कला आहे, आणि हाक ऐकू न येणं ही त्याहून मोठी कला. मी या लोकांचा मनापासून आदर करतो. पाच ग्लास एका हातात धरून चालणारा पोऱ्या हॉलच्या त्या टोकाला, तीन खांबांच्या पलीकडे, सात नंबरच्या टेबलावरचा सोडा संपला हे बघू शकतो. तेच डोळे दीड फुटावरचा मी चुकवतात. हे आंधळेपण नाही, हे कसब आहे. तो सरळ माझ्या दिशेने येतो. मी हात वर करतो, पण अर्धाच, कारण पूर्ण हात वर करायचा संकोच वाटतो. दोन पावलांवर आला की त्याची नजर अलगद टीव्हीकडे चढते, तिथे कुणीतरी चार बाद एकशे बेचाळीस असतं. ती नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे जाते आणि मी मागे पडलो की पुन्हा खाली उतरते. आता वर केलेल्या हाताचं काय करायचं? एकट्याने हॉटेलात जाणाऱ्या प्रत्येकाला हा हात ठाऊक आहे. तो तसाच खाली आणता येत नाही, लोक बघत असतात. मग तो डोक्यावर नेऊन केस नीट करायचे, किंवा चष्मा पुसायला काढायचा. माझा चष्मा परमिट रूममध्ये असतो तितका स्वच्छ घरी कधीच नसतो.

कधी नजर चुकवणं जमलंच नाही, तर "आलो साहेब" असतं. हे "आलो साहेब" नेहमी जाणाऱ्या माणसाच्या पाठीतून ऐकू येतं. अंतराचंच बोलायचं तर, हायवेवरच्या बारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये निकाल दिला आणि 1 एप्रिल 2017 पासून राष्ट्रीय-राज्य महामार्गांच्या पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी आली. मग हे अंतर कसं मोजायचं, हवाई की पायी, गावाच्या हद्दीत काय, यावर देशभर वाद झाले. केरळात एका बारवाल्याने तर दारासमोर वळणावळणांची वाट बांधून अंतर वाढवून दाखवलं. गाडी आणि बार यांतल्या अंतराची देशाने इतकी चिंता केली. वेटर आणि टेबल यांतल्या अंतराविषयी एकही याचिका नाही.

आता चकण्याकडे येऊ. खरा अन्याय इथे आहे. चकणा फुकट असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार करायला तोंड उरत नाही, आणि हॉटेलवाल्यांना हे माहीत असतं. चौघांच्या टेबलावर काय जातं ते मी आरशातून मोजतो: कांदा-टोमॅटो घातलेले चणे, मोड आलेले मूग, काकडी-गाजराच्या चकत्या, लिंबाची फोड, कधी उकडलेले शेंगदाणे, आणि कॅप्टन खुशीत असला तर मसाला पापड, तोही न मागता. माझ्याकडे येते एक स्टीलची वाटी. तिच्यात खारे शेंगदाणे. वाटीत दाणे वरून भरल्यासारखे दिसतात, पण वाटीचा तळ आत उचललेला असतो. काकडी मागितली तर उत्तर मिळतं, "काकडी संपली साहेब." हे सांगणाऱ्याच्याच हातात दुसऱ्या टेबलाची काकडी असते. मी तिच्याकडे बघतो, तोही तिच्याकडे बघतो, आणि आम्ही दोघं सभ्य माणसं असल्यामुळे विषय तिथेच संपतो.

जेवणाचं प्रमाणही चौघांच्या मापाने बांधलेलं. चिकन हाफ किंवा फुल. हंडी म्हटलं की तीत पाव किलो तेल आलंच. आणि पालघर जिल्ह्यात येऊन पापलेट खायचं म्हटलं तर मेनूवर किमतीच्या जागी लिहिलेलं असतं, 'साइजप्रमाणे'. मागितलं की पोऱ्या आतून ताटात चार कच्ची पापलेटं घेऊन येतो आणि तुमच्या नाकासमोर धरतो. सातपाटी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माल चांगलाच असतो: चंदेरी, डोळे स्वच्छ, बोटाने दाबलं तर पुन्हा वर येणारा. पण ताटातलं सगळ्यात मोठं पापलेट खानदानासकट खायचं असतं आणि त्याची किंमत ऐकली की एकटा माणूस 'बोंबीलच दे' म्हणतो. लहान का नाही, असं विचारायचीही सोय राहिलेली नाही. लहान पापलेटं जाळ्यात मारून मारून मासा संपायला आला, हे सातपाटीचे मच्छीमार कितीतरी वर्षं ओरडून सांगत होते. शेवटी 2023 मध्ये सरकारने पापलेटाला राज्यमासा केलं आणि ठरलेल्या मापाखालचे मासे धरायचे नाहीत असंही ठरवलं. निर्णय अगदी योग्य. फक्त त्यात एका माणसाच्या भुकेच्या मापाचा मासा नेमका बेकायदा ठरला.

पालघरला गोष्ट थोडी वेगळी आहे. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आणि तेव्हापासून तिथे एकट्या माणसाकडे दुःखी म्हणून बघत नाहीत, संशयाने बघतात. कोळगावला जिल्हा मुख्यालय, तिथे नाना खाती. एकटा आलेला, हातात फाइल असलेला, इकडेतिकडे निरखून बघणारा माणूस उत्पादन शुल्कवाला असू शकतो, अन्न-औषधवाला असू शकतो, वजनमापंवालाही असू शकतो. मध्ये एकदा या लेखासाठी म्हणून मी खिशातली वही काढून टिपणं घेत बसलो होतो. 'गळका पाइप' एवढंच लिहिलं असेन, तर पाइपाखालचा डबा बदलला. 'काकडी' लिहिलं आणि काकडी आली. मग मी काही न लिहिता नुसतं पेन उघडलं, तर काजू आले. तळलेले, मीठ-मिरी लावलेले. बिल मागितलं तेव्हा मॅनेजर स्वतः येऊन म्हणाला, "साहेब, बिल कसलं, तुम्ही आपलेच." मी पैसे देऊन निघालो, तर त्याचा चेहरा आणखीनच पडला. पैसे देणारा अधिकारी म्हणजे वरूनच आलेला असणार.

ही युक्ती बोईसरला चालत नाही. तिथे वही उघडली की माणूस कॉन्ट्रॅक्टर समजला जातो आणि कॉन्ट्रॅक्टरकडे कुणाची ना कुणाची तरी थकबाकी असतेच.

तिथे गर्दी वाढली की वेटर एकट्याला जोडीदार आणून देतात. "साहेब, इथे हे बसले तर चालेल?" हे विचारेपर्यंत ते बसलेले असतात. एकदा असेच एक गृहस्थ बसले, मूळचे जळगावकडचे, एका डाय बनवणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर. नखांच्या कडांना निळा रंग होता. तो साबणाने जात नाही म्हणाले, लग्नात हळदीवरही निळा दिसला होता. त्यांनी मला बॉयलरचं तापमान, बोईसरच्या पाण्याने बॉयलरच्या नळ्यांत धरणारा थर आणि मोठ्या जावयाचा स्वभाव, या तिन्ही गोष्टी सारख्याच तपशिलाने सांगितल्या. शेवभाजी इथल्या कुणालाही जमत नाही, हेही सांगितलं. बोलता बोलता माझा पापड संपवला आणि मग विचारलं, "तुम्ही पापड खात नाही वाटतं?" पण एक गोष्ट कबूल करायला हवी. ते बसल्याबरोबर टेबलावर काकडी आली. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, बिलं वेगळी, ऑर्डर वेगळी, तरी दोन डोकी दिसली आणि आम्ही टेबल झालो. बिलाच्या वेळी त्यांची अंडा भुर्जी माझ्याकडे आली आणि माझे बोंबील त्यांच्याकडे गेले. दोघांत फरक चाळीस रुपयांचा निघाला. जावयाच्या आठवणीने ते हळवे झाले होते, त्यामुळे चाळीस रुपये मी सोडून दिले.

तक्रार करावी का, हा विचार मीही केलाय. ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये झाला, 2019 मध्ये नवा आला, राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 1915. कायद्यात 'सेवेतील त्रुटी' असा शब्दच आहे. पण फोनवर सांगणार काय? वेटरने टीव्हीकडे पाहिलं? सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत यावरून वादावादी झाली. बोईसरला कुणाला त्याचा पत्ताही नाही, कारण इथे सर्व्हिस चार्ज कधी लावतच नव्हते. सर्व्हिस दिली असा आरोप आपल्यावर येऊ नये, एवढा प्रामाणिकपणा इथे आहे.

टिपेचा उपाय मात्र चालतो, फक्त ती आधी द्यावी लागते. शेवटी बडीशेपेच्या बशीत ठेवलेले वीस रुपये म्हणजे झालेल्या हालांची पोचपावती. बसताक्षणी हातात ठेवलेले वीस रुपये ही गुंतवणूक आहे. पण तेवढ्यात पाळी बदलते, तुमचे वीस रुपये घेतलेला पोऱ्या वरच्या मजल्यावर जातो आणि नवा पोऱ्या टीव्हीकडे बघत येतो.

परदेशात याला तोडगे निघालेत. जपानात इचिरान नावाच्या रामेनच्या दुकानांत दोन्ही बाजूंना फळ्या लावलेल्या एकेकट्या जागा असतात. समोरून वाडगा सरकतो, मग बांबूचा पडदा खाली पडतो. कोरियात एकट्याने जेवायला 'होनबाप' असं नाव पडलंय आणि एकट्याला परत पाठवणारी तिथली हॉटेलं हळूहळू एकाची थाळी लावायला लागली आहेत. ॲमस्टरडॅममध्ये 2013 साली कुणीतरी फक्त एकेका माणसाची टेबलं मांडून हॉटेल काढलं होतं. आणि इंग्रजी सिनेमात एकटा माणूस थेट काउंटरवर उंच स्टुलावर बसतो, समोरचा माणूस ग्लास पुसत त्याचं ऐकून घेतो. आपल्याकडे काउंटर म्हणजे काचेमागचा गल्ला. वर देवीचा फोटो, उदबत्ती, खिळ्यावर टोचलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, कॅल्क्युलेटर, आणि 'उधार बंद'. तिथे कुणी बसत नाही.

मी बसलोय. ती हकिगत फोनपासून सुरू होते. एका संध्याकाळी हात वर करून, चष्मा पुसून, खोकून झालं, पण ऑर्डर घ्यायला कुणी येईना. आणि माझ्या डोळ्यांसमोर ॲपवाली डिलिव्हरीची पोरं, पाठीवर चौकोनी पिशव्या, यायची, काउंटरवर मोबाइल दाखवायची आणि गरम पार्सल घेऊन जायची. तेव्हा मी मेनूकार्डावरचा नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोला साहेब, पार्सल?"

"एक बोंबील फ्राय, एक तांदळाची भाकरी."

"हो साहेब, पंधरा मिनिटं. पत्ता?"

"बेसिनजवळचं टेबल."

काउंटरवरच्या अण्णांनी मान वर केली. मूळचे उडपीकडचे, पण बोईसरला जन्म गेलेला. आमची नजरानजर झाली. त्यांनी फोन तसाच कानाला धरून सांगितलं, "पॅकिंगचे दहा रुपये पडतील."

बोंबील बाराव्या मिनिटाला आले, डब्यात, वर रबर लावून. कुरकुरीत होते. चकणा मात्र पार्सलवर मिळत नाही.

तेव्हापासून अण्णा मला ओळखतात. पुढे एकदा मी नेमका दहा तारखेला गेलो. कारखान्यांचे पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतात आणि त्या संध्याकाळी बोईसरच्या परमिट रूममध्ये उभं राहायला जागा नसते. मी आपला बेसिनशेजारी पेपर उघडून बसलो. पहिल्यांदा एक जण येऊन म्हणाला, "काका, ही खुर्ची घेऊ?" घे म्हटलं. मग दुसरी गेली. तिसरीवर माझी बॅग होती, ती वेटरने उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि खुर्ची नेली. थोड्या वेळाने दोघं आले आणि त्यांनी टेबलच उचललं. "काका, एक मिनिट" म्हणून ग्लास माझ्या हातात दिला. हॉलच्या कडेला मांडीवर बॅग, एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात पेपर, असा मी नुसत्या खुर्चीवर बसलो होतो. अण्णांनी ते पाहिलं आणि गल्ल्याच्या आत, सोड्याच्या क्रेटशेजारी, एक प्लास्टिकचं स्टूल टाकून दिलं.

काय सांगू, तिथली सर्व्हिस! सगळे वेटर तिथेच येतात. सगळ्या काकड्या तिथूनच जातात. अण्णा प्रत्येक ताटातून दोन चकत्या माझ्या बशीत टाकत होते. बोंबील कढईतून थेट आले, इतके गरम की जीभ भाजली. हॉल पहिल्यांदाच मालकाच्या बाजूने दिसत होता. मी त्यांना विचारलं, "अण्णा, भिंतीला लागून चार सिंगल टेबलं का नाही लावत? गावात एकटी माणसं किती आहेत बघा ना."

अण्णांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला रबर लावलं. "साहेब, तुम्ही एकच बियर पिता. दुसरी का नाही?"

"पुरे होते म्हणून."

"बरोबर. आता सात नंबर बघा."

सात नंबरवर चौघं होते. कुठल्या तरी कारखान्याच्या एकाच डिपार्टमेंटचे, शर्टाच्या खिशाला अजून गेटपास अडकवलेले. एक घड्याळ बघत होता. दुसऱ्याच्या मोबाइलवर घरचा फोन वाजत होता, तो उलटा ठेवला होता. तिसरा ग्लासावर हात ठेवून 'नको नको' म्हणत होता आणि चौथा त्याचा हात बाजूला करत होता. पोऱ्या पेन घेऊन शांत उभा होता. एक शब्द बोलत नव्हता. बोलायची गरजच नव्हती, लग्नाच्या पंगतीत जिलबीवरून चालतं ते सगळं त्या टेबलावर आपोआप चाललं होतं. 'तू नाही घेतलीस तर मी पण नाही.' 'माझ्यासाठी एक.' 'लास्ट.' पोऱ्याने "रिपीट" असं लिहून घेतलं आणि काउंटरकडे वळला.

"त्या चौघांनाही पुरे झालीये," अण्णा म्हणाले. "तासापूर्वीच झालीये. पण आधी कोण म्हणणार? ते ठरेपर्यंत आमचा धंदा. टॅक्स वाढला, लायसन्सची फी वाढली, जुलैत आम्ही राज्यभर बंद पाळला, काही उपयोग नाही. लाइट बिल, पगार, सगळं त्या सात नंबरवर चालतं." त्यांनी चार ग्लास ओळीने मांडले, माप उलटं केलं आणि बाटलीचं बूच उघडलं. "सिंगल टेबलं लावली तर उद्या हेच चौघं एकेकटे येतील, साहेब. एक-एक घेतील आणि वेळेवर घरी जातील."